पाठभेदांचे काय करायचे?

बाल्टिक समुद्राच्या काठी ग्दान्स्क नावाचे पोलिश बंदर आहे. जर्मन भाषेत त्याचे नाव डान्झिग. १३०८ मध्ये ट्यूटॉनिक सरदारांनी ते घेतले, पंधराव्या शतकात ते पोलंडच्या राजसत्तेखाली आले, १७९३ मध्ये प्रशियाच्या ताब्यात गेले, पहिल्या महायुद्धानंतर त्याला मुक्त शहराचा दर्जा मिळाला आणि १ सप्टेंबर १९३९ रोजी दुसऱ्या महायुद्धाचा भडिमार तिथल्याच किनाऱ्यावर सुरू झाला. १९४५ पासून ते पोलंडमध्ये आहे. तत्त्वज्ञ शोपेनहाउअर तिथे जन्मला, तापमापकाचा फॅरनहाइटही तिथलाच. अशा शहराविषयी इंग्रजी विकिपीडियावर लेख झाला तेव्हा एकाने 'डान्झिग' लिहिले, दुसऱ्याने ते पुसून 'ग्दान्स्क' केले, तिसऱ्याने पुन्हा पहिले नाव आणले. भांडण त्या एका लेखात मावले नाही. त्या शहरात जन्मलेल्या, शिकलेल्या, वारलेल्या माणसांच्या चरित्रांतही ते शिरले.

२००५ च्या सुरुवातीला संपादकांनी या प्रश्नावर मतदान घेतले. विकिपीडियावर निर्णय मतमोजणीने नव्हे तर सहमतीने व्हावेत अशी रीत आहे, त्यामुळे हे पाऊल अपवादाचेच. ठरले ते असे: १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्झिग म्हणायचे, त्याआधीच्या आणि नंतरच्या काळासाठी ग्दान्स्क. स्पष्टपणे जर्मन असलेल्या व्यक्तीच्या चरित्रात पहिल्या उल्लेखात डान्झिग लिहून कंसात ग्दान्स्क द्यायचे, पोलिश व्यक्तीच्या चरित्रात याच्या उलट.

हा तोडगा मला फार मोलाचा वाटतो. शहर न्यायाने कोणाचे, याचा निकाल त्यात कुठेही नाही. घरांतून हुसकावल्या गेलेल्या जर्मनांचे दुःख आणि पोलिश माणसाने भोगलेला विध्वंस यांची तोलामापी त्याने केली नाही. त्याने फक्त प्रश्न बदलला. 'खरे नाव कोणते?' या प्रश्नाला दोन्हीकडची माणसे आयुष्यभर उत्तरे देत राहिली असती. 'कोणत्या काळासाठी कोणते नाव वापरायचे?' या प्रश्नाचे उत्तर मात्र कागदपत्रे आणि इतिहासग्रंथ पाहून देता येते. पुन्हा पुन्हा पेटणाऱ्या वादात पहिले काम बहुधा हेच असते: प्रश्न अशा रूपात मांडायचा की पुराव्याला त्यावर बोलता येईल.

एकाने लिहायचे, दुसऱ्याने उलटवायचे, पहिल्याने ते उलटवणे उलटवायचे, याला मराठी विकिपीडियावर संपादन युद्ध म्हणतात. त्यावरचा सर्वांत प्रसिद्ध नियम इंग्रजी विकिपीडियाचा आहे: एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटवणाऱ्याला काही काळ संपादनबंदी होऊ शकते. तीन वेळा उलटवण्याचा हक्क मिळाला, असा या नियमाचा अर्थ अनेक जण करतात; नियमात तसे मुळीच नाही. रोज एकेकदा, महिनाभर उलटवणे हेही युद्धच. हा नियम कोण बरोबर आहे हे विचारतच नाही, हे त्याचे विशेष. बरोबर असलेल्यालाही तो अडवतो. पहिल्यांदा हे अन्यायाचे वाटते. पण थोडा विचार केला की दिसते, आपणच बरोबर आहोत ही खात्री युद्धातल्या प्रत्येकाला असते. ती नसती तर इतक्या रात्री जागून कोणी लढले नसते. ज्या गोष्टीची दोन्ही पक्षांना सारखीच खात्री आहे, तिच्या आधारे तिऱ्हाइताला न्याय करता येत नाही. म्हणून नियम वागणुकीपुरता बोलतो आणि मजकुराचा प्रश्न चर्चा पानाकडे सोपवतो.

प्रत्येक लेखामागे असलेले हे चर्चा पान आणि त्याच्या शेजारचा 'इतिहास' ही ज्ञानकोशांच्या परंपरेतली मोठी घटना आहे, आणि तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. अठराव्या शतकात दिदरोने फ्रान्समध्ये आपला प्रचंड विश्वकोश सिद्ध केला. १७६४ मध्ये त्याच्या ध्यानात आले की प्रकाशक ले ब्रेताँ याने राजसत्तेच्या आणि धर्मसत्तेच्या भीतीने शेवटच्या खंडांतले अनेक लेख त्याच्या नकळत छाटले होते. मूळ हस्तलिखितेही ठेवली नव्हती. वाचकाच्या हाती पडलेल्या पानावर त्या छाटणीची कसलीही खूण नव्हती. विकिपीडियावर अशी मूक छाटणी सहसा होऊ शकत नाही. कोणत्या सदस्याने कोणत्या मिनिटाला कोणता शब्द काढला आणि कोणता घातला, हे त्या 'इतिहासा'त कायम राहते. म्हणजे उलटवलेले वाक्य नाहीसे होत नाही, ते नुसते मागे जाते. हे ज्याला उमगले त्याचा निम्मा संताप तिथेच ओसरायला हवा. आपले वाक्य आज रात्री पानावर नाही म्हणून ज्ञानाचे कायमचे नुकसान झाले असे नाही. उद्या सकाळी शांतपणे चार ओळी लिहून ते परत मागता येते.

पण त्या चार ओळी कशा लिहायच्या? गौतमाच्या न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे दोन पक्षांतील संभाषणाचे, तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, जल्प आणि वितंडा. वादात दोघेही प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे बोलतात आणि दोघांचे ध्येय तत्त्वनिर्णय असते. जल्पात ध्येय विजय असते, म्हणून छल, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ करणे, तिथे चालते. वितंडा करणाऱ्याला स्वतःचा पक्षच नसतो, त्याला फक्त दुसऱ्याचा पाडायचा असतो. कोणतेही तापलेले चर्चा पान उघडून पाहावे, हे तिन्ही तिथे एकाखाली एक सापडतात. 'या विधानाला अमुक ग्रंथाचे पृष्ठ अमुक आधार आहे, तुमचा आधार कोणता?' हा वाद. 'तुम्ही मागे दुसऱ्या लेखात असेच केले होते' हा जल्प. स्वतः एक ओळही न लिहिता प्रत्येक वाक्याला 'संदर्भ हवा' चिकटवत फिरणे ही वितंडा, जरी ती खूण योग्य ठिकाणी लावणे हे उत्तम काम असले तरी.

गौतमाने जल्प आणि वितंडा यांना सरसकट टाकून दिले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. कोवळ्या अंकुरांच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसा तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग आहे, असे तो म्हणतो. पान काही दिवसांसाठी सुरक्षित करणे, म्हणजे कोणालाच किंवा नवख्यांना बदल करू न देणे, हे प्रचालकाच्या, म्हणजे विशेष अधिकार दिलेल्या संपादकाच्या, हातातले असेच कुंपण. ते घालताना प्रचालक बहुधा त्या क्षणी पानावर जी आवृत्ती असेल तीच गोठवतो, आणि ज्यांची आवृत्ती मागे पडली ते हमखास ओरडतात की चुकीची आवृत्ती गोठवली. प्रचालकाने ते ऐकून घ्यावे आणि हलू नये. गोठवणे म्हणजे निकाल नव्हे. ते चर्चेसाठी मिळालेले चार दिवस आहेत.

चरकसंहितेच्या विमानस्थानात तर याहून जवळचे मार्गदर्शन आहे. वैद्यांनी वैद्यांशी चर्चा कशी करावी हे सांगताना चरक दोन प्रकार करतो: संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा, स्नेहाची आणि झुंजीची. जो ज्ञानी आहे, चिडखोर नाही, मत्सरी नाही, ज्याला समजावता येते, त्याच्याशी स्नेहाची चर्चा करावी. त्याच्याशी निःशंक बोलावे, निःशंक विचारावे, आपण हरू अशी भीती बाळगू नये, आणि तो हरला तर आनंद मानू नये की चारचौघांत मिरवू नये. चरकाला हे सांगावेसे का वाटले असेल? रोग्याचा जीव दोघांच्या वादापेक्षा मोठा होता म्हणून. ज्ञानकोशात रोग्याच्या जागी वाचक आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तो लेख उघडणारी आठवीतली मुलगी त्या दोन सदस्यांना ओळखत नाही, आणि त्यांच्यापैकी कोण जिंकला याच्याशी तिला काही कर्तव्य नाही.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ, कारण संगणक येण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्राने एक प्रदीर्घ संपादन युद्ध पाहिले आहे. शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला? बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे एप्रिल १६२७ ही तिथी रूढ होती. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात एक शकावली होती, तीत घटना शक आणि तिथीनुसार नोंदलेल्या होत्या. लोकमान्य टिळकांनी ती मिळवून १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तीत जन्मतिथी निघाली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे शिवकालीन कवी परमानंदाचे 'शिवभारत' उजेडात आले, तेही याच तिथीच्या बाजूने. राजस्थानात मिळालेल्या जन्मकुंडलीनेही तिला दुजोरा दिला. तरी वाद मिटला नाही. १९६६ मध्ये राज्य शासनाने इतिहासकारांची समिती नेमली, आणि शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१ मध्ये. शकावलीच्या प्रसिद्धीपासून मोजले तर पंच्याऐंशी वर्षे. तरीही आज तारखेने आणि तिथीने, दोन वेळा शिवजयंती साजरी होते.

समजा, या प्रश्नावर लेखात दोघे भिडले आहेत. पहिला सोपा उपाय म्हणजे मधले काहीतरी लिहिणे: 'जन्मवर्षाबद्दल मतभेद आहेत.' हे वाक्य कोणालाच दुखवत नाही आणि कोणालाच काही सांगत नाही. निःपक्षपातीपणा म्हणजे दोन टोकांच्या बरोबर मधे जाऊन उभे राहणे, हा गैरसमज या क्षेत्रातला सर्वांत घातक म्हणावा लागेल. पुरावा एका बाजूला जड असेल तर लेखही तितकाच त्या बाजूला झुकला पाहिजे. दुसरा सोपा उपाय म्हणजे १६२७ चा उल्लेखच पुसून टाकणे. तेही चूक, कारण मग जुने पुस्तक वाचणाऱ्याला ती तारीख कुठून आली ते कधीच कळणार नाही, आणि उद्या तो प्रामाणिकपणे येऊन तीच पुन्हा घालेल. युद्ध पुन्हा सुरू. लेखात १६३० ची तारीख ठामपणे द्यावी, ती जेधे शकावली आणि शिवभारत यांच्या आधारे स्वीकारली गेली असे सांगावे, आणि पूर्वी बखरींवरून १६२७ मानले जाई हेही नोंदवावे. असे वाक्य १६२७ मानणाऱ्यालाही खोडता येत नाही, कारण त्यात त्याचे मत आहे, योग्य नावाखाली आणि योग्य आकारात. टिकाऊ वाक्याची माझी कसोटी हीच. विरोधकाला ते आवडले नाही तरी चालेल, त्याला ते खोटे म्हणता येऊ नये.

हे काम आपल्या मातीत नवे नाही. १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून शुद्ध पाठ सिद्ध केला. तीन शतकांत त्या ग्रंथात किती हातांनी किती ओव्या मिसळल्या असतील याची त्यांना कल्पना होती; यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असा कडक इशारा त्यांनी शेवटी दिला. महानुभावांची वाट वेगळी होती. 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी आक्रमणाच्या धामधुमीत नष्ट झाली तेव्हा चक्रधरांच्या अनुयायांनी तो ग्रंथ आठवणीतून पुन्हा उभा केला. आठवणी जुळेनात, तेव्हा कोणाच्या म्हणण्याप्रमाणे प्रसंग कसा घडला हे वेगळे नोंदवून ठेवण्याची रीत त्यांनी पाळली. आपल्या गुरूच्या चरित्रात, जिथे श्रद्धा पणाला लागलेली होती तिथे, त्यांनी दुसऱ्याची आठवण पुसली नाही. याहून मोठे धैर्य मला या विषयात ठाऊक नाही.

आणि मग भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती. १९१९ मध्ये पुण्यात काम सुरू झाले, १९६६ मध्ये पुरे झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते जुळवून पाहिली गेली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत वर स्वीकारलेला पाठ आणि खाली तळटीपांत नाकारलेले पाठ, मोठे प्रक्षेप परिशिष्टात. काहीच फेकून दिले नाही. वरच्या पाठातही जिथे संपादकाची खात्री पुरी नव्हती, त्या अक्षरांखाली नागमोडी रेषा काढली. ही रेषा पाहिली की मला नेहमी भरून येते. एवढा अधिकार असलेला विद्वान छापील पानावर सांगतो आहे की इथे माझा पाय घट्ट नाही. संपादन युद्धात सापडलेल्या प्रत्येकाने आपल्या वाक्याखाली अशी रेषा कुठे काढावी लागेल हे आधी स्वतःशी पाहावे. बहुतेक वेळा भांडण नेमके त्याच जागी असते.

युद्ध थांबले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. क्रोएशियन विकिपीडियाची गोष्ट याबाबत डोळे उघडणारी आहे. साधारण २०११ पासून २०२० पर्यंत तिथल्या प्रचालकांच्या एका गटाने, दुसऱ्या महायुद्धातील क्रोएशियाच्या फॅसिस्ट उस्ताशा राजवटीचे गुन्हे सौम्य करून सांगण्यासारखे लेखन चालू दिले आणि हरकत घेणाऱ्यांना बंदी घालून बाहेर काढले. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये यावर अहवालच प्रसिद्ध केला. ज्याला हरकत होती तो गेला, म्हणून पान स्थिर झाले. दोन चिकाटीचे विरोधक एखाद्या लेखावर भांडत आहेत हे लक्षण मी म्हणूनच आजाराचे मानत नाही. ते भांडण मजकुरातून चर्चेत नेता आले तर त्या लेखाला दोन उत्तम तपासनीस मिळालेले असतात.

मराठी विकिपीडियाला या तपासनीसांचाच तुटवडा आहे. तो २००३ मध्ये सुरू झाला. तिथल्या सामायिक चर्चेच्या पानाला चावडी हे सुंदर नाव आहे. पण इंग्रजीत एखाद्या वादावर तिसरे मत मागितले की कोणी ना कोणी येते, इथे चर्चा पानावर विचारलेला प्रश्न वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. दोघे भांडत असतील तर तिसरा नाही, आणि बहुतेक लेखांवर दुसराही नाही. मग वाद मिटवण्याची जबाबदारी मोजक्या प्रचालकांवर पडते, ते थकतात, आणि थकलेला माणूस पान सुरक्षित करून मोकळा होतो.

जिथे आपण नसतो तिथले आपल्याबद्दलचे लेखन मग आपल्याला बोचते. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातील मजकुरावरून महाराष्ट्र सायबर पोलिसांनी काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. लोकांच्या भावनेला कारण नव्हते असे मी म्हणणार नाही. पण संभाजी महाराजांची प्रतिमा पूर्वी एकदा धुळीतून वर काढली गेली आहे, आणि ते काम पोलिसांनी केलेले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीने रंगवलेले व्यसनी, उतावळ्या राजाचे चित्र मराठी मनात घट्ट बसले होते. वा. सी. बेंद्रे यांनी दशकानुदशके कागद शोधून १९६० मध्ये महाराजांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले, पुढे कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' आले, आणि ते चित्र बदलले. बखर कोणी जाळली नाही. तिच्यापेक्षा भक्कम पुरावा तिच्या शेजारी आणून ठेवला. गुन्हा नोंदवून एखादे वाक्य उतरवता येईल, पण ते ज्या पुस्तकातून आले ते ग्रंथालयात राहतेच, आणि पुढचा संपादक ते तिथून पुन्हा घेतो. शिवाय भीतीने जे संपादक निघून जातात त्यांत आधी सभ्य आणि अभ्यासू माणसे असतात.

इंग्रजी विकिपीडियाच्या लेखातही मराठी ग्रंथाचा संदर्भ चालतो. पुस्तक इंग्रजीतच असले पाहिजे अशी अट नाही. हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. गावोगावच्या वाचनालयांत, निवृत्त प्राध्यापकांच्या कपाटांत, इतिहास संशोधक मंडळांच्या त्रैमासिकांत जो पुरावा पडून आहे तो त्या चर्चा पानांवर पोहोचत नाही, म्हणून तिथे दुसऱ्यांची पुस्तके बोलतात. तेव्हा ज्यांच्या घरी बेंद्रे आहेत, गोखले आहेत, केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड आहेत, त्यांना माझी विनंती आहे. ज्या लेखातले वाक्य तुम्हाला खटकते त्याचे चर्चा पान उघडा. ग्रंथाचे नाव, आवृत्ती आणि पृष्ठक्रमांक लिहा, समोरच्याला त्याचा आधार विचारा, आणि त्याच्या उत्तरासाठी आठवडाभर थांबा.